चाकाने वर कुठवर जायचं?

माझ्या जिप्सीच्या पुढच्या उजव्या शॉकअपचा दांडा ना डोंगरात वाकला, ना कातळावर. तो वाकला घरापासून दोन किलोमीटरवर, पांढरे पट्टे न मारलेल्या एका स्पीडब्रेकरवर. आदल्याच आठवड्यात गाडी दोन इंच उचलून घेतली होती. जास्त कमानीचे नवे पाटे, लांब शॉकअप, मोठे टायर. उभी असली की सोसायटीतली पोरं तिच्यापुढे फोटो काढायची. त्या स्पीडब्रेकरवर ‘ठण्ण’ असा कोरडा, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि पुढच्या वळणावर टायर मडगार्डला घासल्याचा वास.

ज्या गॅरेजने काम केलं होतं त्यांचं म्हणणं सरळ होतं. गाडी दोन इंच वर गेली, म्हणजे चाक आणि चेसी यांच्यातलं अंतर दोन इंचांनी वाढलं, मग काही आपटायचा प्रश्नच कुठे येतो? ऐकायला हे पटतं. मलाही पटलं होतं. गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. तो बॅटरी घेऊन खाली सरपटला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, “साहेब, गाडी उचलली म्हणून चाकाला आभाळ मिळालं का?”

सगळा घोळ या एका वाक्यात आहे. लिफ्ट केल्याने बदलते ती गाडी *उभी असतानाची* उंची. चाक जेव्हा पूर्ण ताकदीने वर दाबलं जातं तेव्हा ते कुठे जाऊन थांबणार, हे पाटे ठरवत नाहीत आणि शॉकअपनेही ठरवू नये. ते ठरवायचं काम चेसीच्या खालच्या अंगाला, एक्सलच्या बरोबर वर बसवलेल्या एका रबरी ठोकळ्याचं. पुस्तकात त्याला बंप स्टॉप म्हणतात, गॅरेजात नुसतं ‘स्टॉपर’. चाक वर जाणं म्हणजे बंप, खाली लोंबणं म्हणजे ड्रूप. बंपच्या शेवटच्या टोकाला हा ठोकळा एक्सलला भेटतो आणि सांगतो, बास, इथवरच. गाडी उचलताना हजारो रुपये पाट्यांवर आणि टायरवर जातात. या ठोकळ्याकडे कुणी बघतही नाही.

जिप्सी हे उदाहरण मी घेतोय ते केवळ माझी आहे म्हणून नाही. सुझुकीच्या एसजे ४१० वर बेतलेली ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली. पुढे-मागे दोन्ही एक्सल अखंड, चारही कोपऱ्यांना पाटे, खाली शिडीसारखी चेसी. लपवाछपवी काही नाही. खाली वाकून पाहिलं की काय कशाला आपटणार हे डोळ्यांना दिसतं.

आता नेमकं काय झालं ते पाहू. जुना शॉकअप पूर्ण दाबला की जेवढा आखूड व्हायचा, तेवढा नवा होत नाही, कारण तो मुळातच लांब आहे. लांब शॉकअपची बंद लांबीही जास्त असते, हे विकत घेताना कुणी विचारत नाही. सगळे उघडी लांबी विचारतात. माझ्या गाडीत, गाडी उभी असताना, शॉकअपमध्ये वरच्या दिशेला ९० मिमी दांडा शिल्लक होता. शॉकअप तिरका बसतो, त्यामुळे एक्सल १०० मिमी वर गेला की शॉकअप साधारण ९० मिमी दाबला जातो. म्हणजे एक्सलला १०० मिमीची मुभा. आणि स्टॉपर? तो आपल्या जुन्या जागी होता, एक्सलपासून पूर्वी ६५ मिमीवर, आता लिफ्टचे ५० धरून ११५ मिमीवर. हिशेब समोर आहे. एक्सल स्टॉपरपर्यंत पोचायच्या १५ मिमी आधीच शॉकअप आतून तळाला टेकत होता. गाडीचा सगळा धक्का बोटभर जाडीच्या दांड्यावर आणि त्याच्या आतल्या पिस्टनवर. शॉकअपचं काम हालचाल मंद करण्याचं, थांबवण्याचं नव्हे. दांडा वाकला, हे नशीबच म्हणायचं; कधी कधी चेसीवरचा माउंट मुळासकट उखडून येतो.

टायरचं गणित वेगळं. २०५/७० आर १५ च्या जागी मी २३५/७५ आर १५ घातले होते. या आकड्यांचा अर्थ लावला तर पहिल्याचा व्यास ६६८ मिमी आणि दुसऱ्याचा ७३३ मिमीच्या आसपास येतो. फरकाच्या निम्मा, म्हणजे सुमारे ३३ मिमी, टायर एक्सलच्या वर जास्त सरकला, शिवाय ३० मिमी रुंदही झाला. गाडी उभी असताना मडगार्डखाली भरपूर मोकळी जागा दिसत होती. पण पूर्ण बंपमध्ये एक्सल त्याच जुन्या जागी जाणार, कारण त्याला तिथे जाण्यापासून अडवणारा स्टॉपर हललेलाच नव्हता. मडगार्डही हललेलं नव्हतं. मोठा झाला होता फक्त टायर.

इथे बॉडी लिफ्टचा फरक सांगून टाकतो, कारण लोक दोन्ही एकाच माळेत ओवतात. चेसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून नुसती बॉडी उचलली तर पाटे, शॉकअप, स्टॉपर यांचं आपसातलं नातं बदलत नाही आणि टायरला जागा मात्र मिळते. दिसायला ओंगळ, पण सस्पेन्शनच्या दृष्टीने निरुपद्रवी. कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांतली स्वस्त लिफ्ट याच्या उलट. जिम्नीसारख्या गाडीत एक्सल अखंडच आहे, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. तिथे स्वस्तातली लिफ्ट म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावर बसवलेली ५० मिमीची चकती. स्प्रिंग तीच, चकतीने ती खाली ढकलली गेली. मग एक्सल जुन्या वरच्या टोकाला गेला तर स्प्रिंग पूर्वीपेक्षा ५० मिमी जास्त दाबली जाणार. तार १४ मिमी जाडीची आणि वेटोळी ८ असतील, तर ११२ मिमीला सगळी वेटोळी एकमेकांवर बसतात आणि स्प्रिंगचा लोखंडी खांब होतो. त्याच्या आधी स्टॉपरने एक्सल अडवलाच पाहिजे.

धक्का पचवायला अंतर किती लागतं, हे एकदा आकड्यांत पाहिलं की स्टॉपरबद्दल आदर वाटायला लागतो. माणसांसकट जिप्सीच्या एका कोपऱ्यावर साधारण ३०० किलो धरू. पाटे आणि शॉकअप यांनी आपलं काम केल्यावरही हा कोपरा सेकंदाला दीड मीटर वेगाने एक्सलवर येतोय असं समजा. साडेअकरा सेंटिमीटरवरून वस्तू सोडली की खाली पोचताना तिचा वेग एवढाच असतो, म्हणजे फार काही नाही. यातली ऊर्जा सुमारे ३४० ज्यूल. ती ५ मिमीत जिरवायची तर सरासरी जोर पावणेसात टनांच्या आसपास जातो. ३० मिमीत जिरवली तर सव्वा टनापेक्षाही कमी. ६० मिमीत पाऊण टनाच्याही बरंच आत. आणि ही निव्वळ सरासरी. क्षणभराचा सर्वोच्च जोर याच्या दुप्पटही जाऊ शकतो. गाडी तीच, खड्डा तोच, वेग तोच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा. विहिरीच्या कठड्यावरून उडी मारणारा पोरगा जमिनीवर पडताना गुडघे का वाकवतो, त्याचंच हे लोखंडी रूप.

म्हणून स्टॉपर नुसता असून भागत नाही, तो कशाचा आहे हेही बघावं लागतं. साधं रबर स्वस्त आणि टिकाऊ. पण रबराचा एक स्वभाव असा की ते दाबलं तरी त्याचं आकारमान जवळपास कमी होत नाही. ते बाजूला फुगतं. म्हणून चांगले स्टॉपर सुळक्यासारखे असतात. आधी टोक टेकतं, मऊ लागतं, मग जसजसं रुंद अंग खाली येतं तसतसा विरोध वाढतो. काही हौशी लोक रबर सरकू नये म्हणून त्याला जाड पाइपच्या वाटीत घट्ट कोंबतात. बाजूला फुगायला वावच नाही, मग ते रबर दगडासारखं वागतं. मी असा एक स्टॉपर पाहिलाय, वाटीच्या काठावर गोल कापला गेलेला, कणीस सोलावं तसा.

दुसरा प्रकार म्हणजे बारीक हवेच्या पेशी असलेला पॉलियुरेथेनचा फोम. त्यात हवा असल्याने तो फारसा न फुगता आपल्या उंचीच्या अर्ध्याहूनही जास्त दाबला जातो. तो उंच घेता येतो, लवकर टेकवता येतो आणि शेवटची दुय्यम स्प्रिंग म्हणून वापरता येतो. आवाजही नाही. मात्र चिखलात बरबटलेला, डिझेलने भिजलेला फोम वर्षानुवर्षं टिकेल अशी अपेक्षा मी तरी ठेवत नाही.

रबर आणि फोम या दोघांचीही एक खोड आहे: घेतलेल्या ऊर्जेतला बराच भाग ते परत करतात. दाबले गेले तसे उसळतात. हळू चालणाऱ्या गाडीत ती उसळी शॉकअप सांभाळून घेतो. वाळवंटात ताशी शंभरच्या पुढे धावणाऱ्या गाडीत तीच उसळी मागचा भाग हवेत फेकते. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ पासून चालत आलेल्या शर्यतीसारख्या ठिकाणी त्यामुळे हायड्रॉलिक स्टॉपर दिसतात. मनगटाएवढ्या जाडीचा छोटा सिलिंडर, आत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन, दांड्याची हालचाल दोन ते चार इंच. धक्का आला की तेल बारीक वाटांतून ढकललं जातं, ऊर्जेची उष्णता होते, परत येत नाही. नायट्रोजनचा दाब कमी-जास्त करून त्याचा कडकपणा बदलता येतो. सुंदर वस्तू आहे. पण आठवडाभर ऑफिसला आणि रविवारी मुळशीकडे जाणाऱ्या जिप्सीला ती लावणं म्हणजे बैलगाडीला पॉवर स्टिअरिंग.

आता मूळ प्रश्न. स्टॉपर किती खाली आणायचा? “जेवढी लिफ्ट तेवढा खाली” हा नियम सर्रास सांगितला जातो, आणि तो चुकीचा आहे. चुकीचा अशासाठी की लिफ्टचा आकडा फक्त गाडी उभी असतानाचं सांगतो. स्टॉपरची जागा ठरते ती वर जाताना सगळ्यात आधी काय आपटतं यावरून, आणि ते प्रत्येक गाडीत, एवढंच काय पुढे आणि मागेही वेगळं असतं. मोजल्याशिवाय कळत नाही.

मिस्त्रीने एक अख्खा शनिवार त्यासाठी दिला. चेसी चार भक्कम घोड्यांवर ठेवली; नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, याबाबत तो देवाधर्मासारखा कडक होता. मग पाट्यांची जुडी सोडवून फक्त मुख्य पाटा जागेवर ठेवला. यामागचं कारण मला आधी समजलं नव्हतं. सगळे पाटे असताना ट्रॉली जॅकने एक्सल वर ढकलला तर पाटे दबण्याआधी गाडीच घोड्यांवरून उचलली जाते. एकटा मुख्य पाटा एक्सलला जागेवर धरतो, पण विरोध फारसा करत नाही. शॉकअप आणि स्टॉपरही काढून ठेवले. आता जॅकचा दांडा मारत एक्सल हळूहळू, बोटाबोटाने वर न्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर बॅटरी मारून बघायचं.

काय बघायचं? शॉकअप किती दाबला जाईल, हे तर झालंच. प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा आत पूर्ण शिरून टेकतोय का. पाटा दबताना लांब होतो, त्यासरशी त्याचं टोक धरणारं शॅकल झुलतं, ते चेसीला लागतंय का. पाटा सपाट होऊन पुढे उलटी कमान घेतोय का, कारण वारंवार उलटा वाकलेला मुख्य पाटा एक दिवस तुटतोच. ब्रेकचा पाइप कुठे चिमटतोय का. स्टिअरिंगचा आडवा दांडा वर कशाला टेकत तर नाही ना. आणि टायर, स्टिअरिंग सरळ असताना, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे.

जिथे डोळा पोचत नव्हता तिथे मिस्त्रीने गणपतीच्या कारखान्यातून आणलेल्या शाडूचे लिंबाएवढे गोळे चिकटवले. एक्सल वर नेऊन खाली आणला की गोळा जेवढा चपटा झाला तेवढीच जागा उरली. मडगार्डच्या आतल्या बाजूचा एक गोळा तर टायरच्या नक्षीचा ठसा घेऊन पापडासारखा पडला.

पण हे सगळं दोन्ही चाकं एकदम वर नेऊन. खरी गंमत एकच चाक वर नेल्यावर कळते, आणि बरेच लोक इथेच फसतात. घळीतून तिरपी जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा: उजवं चाक दगडावर चढलंय, डावं खड्ड्यात लोंबतंय. उजवीकडचा स्टॉपर टेकला. आता तिथून पुढे एक्सल थांबत नाही, तर त्या स्टॉपरभोवती तराजूसारखा कलतो. जिप्सीच्या दोन चाकांत साधारण १३० सेमी अंतर आहे, स्टॉपर मात्र चेसीखाली म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूला. उजवं चाक त्याच्यापासून २५ सेमीवर धरलं तर डावं १०५ सेमीवर येतं. डावं चाक आणखी २१ सेमी खाली गेलं की उजवं ५ सेमी वर जातं, स्टॉपर टेकल्यानंतरसुद्धा! दोन्ही चाकं एकदम वर नेलेल्या चाचणीत टायर आणि मडगार्ड यांच्यात तीन बोटं जागा दिसत असेल, तरी ती इथे संपते. म्हणून एका बाजूचा जॅक वर, दुसऱ्या बाजूचा खाली, स्टिअरिंग फिरवलेलं, अशी चाचणी घेतल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही.

ज्यांच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे त्यांना हा तराजू लागू नाही. पण त्यांचा स्टॉपर बहुधा खालच्या आर्मवर, सांध्यापासून अर्ध्या वाटेवर कुठेतरी असतो. तिथे चाक दोन इंच वर गेलं की स्टॉपर एक इंच दाबला जातो आणि त्याच्यावर जोर येतो दुप्पट. म्हणून तिथे पाच मिमीची चूकही चाकाकडे दहा मिमीची होते.

आमचे आकडे असे आले. मागे टायरला जागा पुरेशी, आधी टेकणारा शॉकअपच. त्याची मर्यादा १०० मिमी, त्यातले १० राखीव ठेवून ९०. आमचा रबरी स्टॉपर पूर्ण जोरात ३० मिमी दबेल असा अंदाज धरला. मग गाडी उभी असताना स्टॉपर आणि एक्सल यांत अंतर हवं ६०. होतं ११५. मागचा स्टॉपर ५५ मिमी खाली. पुढे मात्र वळवलेल्या टायरने तराजूच्या चाचणीत शॉकअपच्या आधीच हात वर केले, राखीव अंतर धरून एक्सलला ८० मिमीच मुभा उरली. त्यातून रबराचे ३० वजा, अंतर ५०, स्टॉपर ६५ मिमी खाली. लिफ्ट दोन इंच म्हणजे ५० मिमी. पुढचा आकडा ६५, मागचा ५५. नियम पाळला असता तर दोन्हीकडे चुकलो असतो.

मी कुरकुरलो. गाडी उचलली ती चाकाला जास्त हालचाल मिळावी म्हणून, आणि आता वरची हालचाल स्वतःच छाटतोय? मिस्त्री म्हणाला, खाली मिळाली ना. खरं आहे. जास्त कमानीचे पाटे आणि लांब शॉकअप यांची कमाई मुख्यतः खाली लोंबण्यात असते. घळीत चाक जमीन सोडत नाही ते त्यामुळे. वर जायला आणखी जागा हवी तर मडगार्ड कापा, लहान टायर घाला किंवा शॉकअपचे माउंट चेसीवर वर न्या. फुकटात मिळत नाही. आणि असले बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवलेलं बरं. नोंदणीतले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असे फेरफार त्यात बसत नाहीत, मग गाडी कितीही नीट मोजून उचललेली असो.

स्टॉपर खाली आणायला त्याने चौकोनी नळीचे तुकडे कापले, दोन्ही तोंडांना जाड प्लेट मारली आणि चेसीवर जुन्याच बोल्टांच्या जागी बसवले. नळी सडपातळ आणि उंच असेल तर बाजूच्या धक्क्याने ती मुडपते, म्हणून आडवा एक आधारही वेल्ड केला. एक्सलवर ज्या जागी रबर टेकतं तिथे तळहाताएवढी सपाट प्लेट. एक्सल वर जाताना पाट्यांमुळे थोडा पुढे-मागे सरकतो, त्यामुळे उभ्या स्थितीत बरोबर खाली दिसणारी जागा पूर्ण बंपमध्ये बोटभर पुढे किंवा मागे असते. ही प्लेट त्याने एक्सल वर नेलेला असताना खुणा करून लावली.

शेवटी पाटे पुन्हा जोडून, गाडी जमिनीवर ठेवून, आम्ही दोघे आत बसून, मागे स्टेपनी, अवजारांची पेटी आणि पाण्याचा भरलेला कॅन टाकून अंतर पुन्हा मोजलं. रिकाम्या गाडीत ६० मिमी असलेलं मागचं अंतर ४८ वर आलं. गावाहून तांदळाची पोती आणताना ते आणखी कमी होणार, स्टॉपर जवळपास टेकलेलाच राहणार आणि गाडी हाडं खिळखिळी करणार. त्या दिवसापुरतं ते मला चालेल. मात्र सामान नेहमीच भरलेलं असतं अशा गाडीत हे अंतर रिकाम्या गाडीवर मोजण्यात अर्थ नाही. तिथे आधी पाटाच कडक हवा.

चारही शॉकअपच्या उघड्या दांड्यांवर मिस्त्रीने वायर बांधायच्या नायलॉनच्या पट्ट्या आवळल्या आणि खाली सरकवून ठेवल्या. शॉकअप दाबला की सिलिंडरचं तोंड पट्टीला वर ढकलतं, सुटला की पट्टी तिथेच राहते. पुढच्या रविवारी ताम्हिणीच्या अलीकडच्या एका कच्च्या वाटेवर, पावसाने उघड्या पडलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या खडकावर गाडी तासभर घातली. दोनदा स्टॉपर टेकल्याचं जाणवलं. ‘ठण्ण’ नाही, ‘दब्ब’ असा मऊ, बंद आवाज.

संध्याकाळी गाडीखाली मोजपट्टी घेऊन झोपलो. पुढचे दोन्ही शॉकअप, २४ आणि २६ मिमी दांडा शिल्लक. मागचा डावा ११. मागचा उजवा ४. अंदाज केला होता त्यापेक्षा तिकडचं रबर जास्त दबलं होतं. मिस्त्रीला फोन केला. “चार उरले ना? मग आपटलं नाही,” तो म्हणाला, “पण मंगळवारी घेऊन या, सहा मिमीची प्लेट कापून ठेवतो. आणि पट्ट्या काढू नका.”